हाक तुझ्या नावानं

पडेगाव
११ जानेवारी २०२६

सोनिया,

आशीर्वाद हायेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाय. कामाचं लिहिते. तुझं जाड पाकीट मिळालं. आत इंग्रजी कागद, दोन प्रती, आन पेन्सिलीनं फुली मारून लिहिलेलं, ‘आई, इथं सही कर’. मी सही करणार नाय.

फोन का उचलत नाय असं तू प्रांजलीला विचारलं म्हणे. ऐक मंग. फोनवर मी बोलले की तू ते धरून ठेवती. दिवाळीपासून तुझ्या मशीनीचा मला भरवसा राह्यला नाय. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय. वाचायला त्रास झाला तर व्हऊ दे, मलाबी लिहायला व्हतोच हाय.

कागद प्रांजलीनं वाचून दाखवला. तुझा चुलतभाऊ रामेश्वर, त्यानं आजवर माझं एक वीजबिल वाचलं नाय, पण त्याची बायको वाळूजहून ड्युटी करून येती आन चहा पिता पिता सगळं वाचती. दगडाबाईबी बसलेली होती. जाऊ हाय म्हणून नाय, चहा दिसला म्हणून.

प्रांजली म्हणली, "मोठ्याई, अल्बम हाय हा. नऊ गाणी. पाच ताईंची एकटीची, चार दुसऱ्यांबरोबर. एक ड्रमवाल्याबरोबर. एक त्या उभ्या मोठ्या सारंगीवालीबरोबर. एक सॅक्सोफोनवाल्याबरोबर."

"ते काय आन?"

"लग्नाच्या बँडमधी असतंय की ते वाकडं पितळी."

"आन चौथं?"

"चौथं तुमच्याबरोबर."

दगडाबाईला चहाचा ठसका लागला. "आवडा, तू कधी गायली गं? लग्नात उखाणा घे म्हणलं तर न्हाणीत जाऊन कडी लावून बसल्ती."

खरं हाय तिचं. मी जल्मात गायले नाय. पाळणाबी म्हणला नाय तुला, झोप म्हणलं की तू झोपायची. मंग जे केलंच नाय त्याच्याखाली सही कशी करू? कंपनीवाल्यांना सांग, आई अडाणी हाय, तिला कळत नाय. तसंबी तू सगळीकडं सांगतीच.

थंडी हाय. एक कोकरू गेलं, बाकी बरं.

आई


२३ जानेवारी

सोनिया,

तुझं पत्र आलं. टाईप केलेलं. आईला हातानं लिहायला लाज वाटती का वेळ नाय?

तू म्हणली, आधी ऐकून तर बघ. ऐकलं. प्रांजलीला सुट्टी होती. तिनं मोबाईल रिकाम्या हंड्यात उभा केला, आवाज घुमतो म्हणे. आधी तुझी एकटीची लावली. खरं सांगू का, त्यात शब्द नाय, देव नाय, नवरा नाय, काय नाय. कधी पारव्यावाणी घुमती, कधी धोतर टराटरा फाडल्यावाणी करती. मधीच गप. आम्ही वाट बघायलो. मंग पुन्हा सुरू.

दगडाबाई म्हणली, "पोटात दुखायलं का पोरीच्या?"

प्रांजली म्हणली, "जाझ हाय ते. ह्याच्यात आधी काय ठरवायचं नसतंय. उभं राह्यचं आन येईल ते गायचं."

"मंग आमचं काय चुकलं बाई? आमीबी आधी काय ठरवत नाय."

हसले सगळे. मीबी हसले. पाचातलं तिसरं बरं हाय. जास्त लिहीत नाय, डोक्यात हवा जाईल.

वाकड्या पितळीवाल्याबरोबरचंबी ऐकलं. तो एक म्हणतो, तू दुसरंच म्हणती, तो चिडतो, तू वर चढती. नवराबायकोच्या भांडणासारखं हाय. ते मला कळलं. ड्रमवाला मात्र ऐकत नाय कुणाचं, नुसता बडवतो. त्याला बदल.

मंग आमचं लावलं.

आधी तू. पण तू नाय, तुझा बाप. "सोनेऽऽ." तसाच, ‘ने’ लांब ओढलेला आन शेवटाला दोरीला गाठ बसावी तसा तुटलेला. तो जाऊन सोळा वरसं झाली आन हंड्यातून हाक आली. मंग मी. "ओ, आले!" सूप पडल्याचा आवाज. बाजरी सांडल्याचा आवाज. माझ्या चपला. आन मंग तू माझं ‘आले’ धरलं आन त्याच्यावर चार मिनिटं गात राह्यली, आलेऽ, आलेऽ, आले. कुत्र्याच्या पिल्लाला फडकं सापडावं तसं.

मी प्रांजलीला म्हणलं, बंद कर. दगडाबाई चहा तसाच टाकून उठून गेली. तिनं चहा टाकलेला मी पहिल्यांदा बघितला.

प्रांजली म्हणली, "मोठ्याई, ह्याच्याबरोबर एक पुस्तक निघणार हाय. त्यातलं ताईंनी तुमच्यासाठी पाठवलंय." आन तिनं मराठीत करून सांगितलं. तू लिहिलंय:

‘माझ्या वडलांनी मरणाआधी मला दोनदा हाक मारली. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी ओ देऊ शकले नाही. हा अल्बम तिसऱ्या हाकेचा आहे. शेवटच्या गाण्यात आई माझ्या जागी ओ देते.’

हे छापणार तू? जाझ ऐकणारी ती माणसं हे वाचणार, आवडाबाईनं पोरीचं तोंड दाबलं म्हणून?

व्हय, दाबलं. तशीच वेळ आली तर पुन्हा दाबीन. दिवेलागणीनंतर रानातून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाय. माणूस असंल तर तो तिसऱ्यांदा मारतो. दुसरं जे असतं ते माणसाच्या आवाजात दोनदाच मारतं, आन ओ दिली की घेऊन जातं. माझ्या आईनं मला शिकवलं, तिला तिच्या आईनं. रानात राह्यलेल्या बाया होत्या. तुझ्यासारख्या एसीत बसून घाबरत नव्हत्या.

कागद परत धाडते. कोरा.

आई


२ फेब्रुवारी

कागद पुन्हा आला. पंधरा तारीख शेवटची, त्याच्यानंतर माझा आवाज काढून टाकावा लागंल, असं तू लिहिलं. ‘मग अल्बमला शेवटच राहणार नाही’ असंबी लिहिलं. ह्यावेळी हातानं. अक्षर तुझ्या बापासारखं हाय, उजवीकडं पडतं.

तुझ्या पत्रातलं हे इथं उतरून काढते, कारण मला ते दोनदा वाचावं लागलं.

‘आई, मी अकरा वर्षांची होते. बाबांनी मला हाक मारली. मी ओ दिली असती तर आपण तेव्हाच धावलो असतो. सोळा वर्षं मी ती ओ घशात घेऊन फिरते. मला शब्द गाता येत नाहीत कारण पहिला शब्द तो येतो. लोकांना वाटतं ही माझी स्टाईल आहे. तुझ्या हाताचा वास अजून येतो मला, लोकरीचा आणि तंबाखूचा.’

तंबाखू मी तवा खात नव्हते. नंतर लागली. लोकरीचा असंल.

दाण्याला किडा लागलाय, ते बघायचं हाय. मंग लिहिते.


७ फेब्रुवारी

सोनिया,

पाच दिवस झाले. दगडाबाई सकाळी येऊन बसली. आज चहा मागितला नाय. म्हणली, "आवडा, त्या दिवशी मी उठून गेले, कारण माझ्या तोंडातून निघालं असतं. पोरीला अजून सांगितलं नाय का गं तू?"

मी म्हणलं, "काय सांगायचं?"

"मला नको विचारू. मेंढरांच्या वाड्यावर मीबी होते. तो कुणाला हाक मारायचा मला ठाव नाय का?"

मी तिला जा म्हणलं. ती गेली नाय. मी भाकरी केल्या, ती बसूनच. मंग म्हणली, "तुझ्या पोरीचा गळा तू बांधलाय," आन गेली.

तर आता लिहिते. एकदाच. ह्याच्यावर फोन करू नको, कुणाला वाचून दाखवू नको, गाऊ तर मुळीच नको.

तू दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतून आल्ती. खदानीच्या अंगाला एका शेतात आपल्या मेंढ्या बसवल्या होत्या, खतासाठी, तिथंच आपला मुक्काम. तुला मोकळ्यावर झोपायचं म्हणून तू हट्टानं आली. एक गाभण मेंढी मागं राह्यली, तो तिला बघायला गेला. मी चुलीपाशी. दिवस बुडाला होता, पण अजून माणूस दिसत होता एवढा उजेड होता. हाक आली. "सोनेऽऽ." तू टुणकन उठली. मी हात ठेवला. दुसरी आली. तू माझ्या हाताला चावली, ते तू लिहिलं नाय पुस्तकात. मंग मी तिसरीची वाट बघत बसले.

आली नाय. मी मनात म्हणलं, बघ, माणूस नव्हता. बरं झालं.

भाकर थापली. कालवण खाली उतरवलं. तरी तो येईना, तवा दगडाबाईच्या नवऱ्याला बॅटरी घेऊन पाठवलं. खदानीच्या तळाला सापडला. जीव होता. दवाखान्याच्या दारात गेला. डॉक्टर म्हणला, तासभर आधी आणायचं होतं. हे सगळं तुला ठाव हाय.

जे ठाव नाय ते हे. ती हाक तुला नव्हती.

तुझा बाप माझं नाव घेत नव्हता. आमच्यात घेत नसत. घरात असला तर "अगं ए" म्हणायचा. पण रानात "अगं ए" कुठवर ऐकू जाणार? लग्नानंतर चौदा वरसं मला पोर नव्हतं. चौदा वरसं त्यानं मला हाकच मारली नाय. लांबून बोलवायचं असलं तर शीळ घालायचा, मेंढरांची वेगळी, माझी वेगळी. बाया हसायच्या मला. मंग तू झाली. बाराव्या दिवशी तुझं नाव ठेवलं, तेराव्या दिवशी तो माळावरून ओरडला, "सोनेऽऽ, पाणी आण!" तू तेरा दिवसांची. तू आणणार होतीस का पाणी?

बाया आपल्याकडं पोराच्या नावानंच ओळखल्या जातेत, त्यात नवल नाय. पण तू सहा वरसांची झाली आन शाळेच्या बोर्डिंगात गेली. तू इथं नसायची. तो दिवसभर सोने, सोने करायचा. तुझी आठवण येऊन नाय. भाकरीला उशीर झाला म्हणून, कुत्रं सुटलं म्हणून, काडेपेटी विसरली म्हणून. रानात सोने म्हणजे मी. तू म्हणजे सोनिया. मी तुला कधी सोने म्हणलंय का, आठवून बघ. मला ते जड जायचं. मपलंच नाव घेतल्यासारखं वाटायचं.

तुला हे ठाव नव्हतं, कारण तू सुट्टीला यायची तवा तुझी तूच समोर असायची. हाक आली की तुला वाटायचं तुलाच. दोघी उठायचो. तू पळायची, मी मागं राह्यची. तोबी हसायचा, तुला खडीसाखर द्यायचा, सांगायचा नाय की तुला नव्हतं बोलवलं.

त्या दिवशी गाभण मेंढी धरायला त्याला दुसरा माणूस पाहिजे होता. त्यासाठी तो अकरा वरसांच्या पोरीला बोलवंल का? त्यानं मला बोलवलं.

मंग इतकी वरसं मी हे सांगितलं का नाय, असं तू म्हणशील. सांगते. दवाखान्याच्या दारात लोक जमले, कुणीतरी विचारलं, हाक ऐकली नाय का? माझ्या तोंडातून निघालं, "पोरीला मारत होता, मी तिला जाऊ दिलं नाय." लोक म्हणले, बरं केलं बाई, पोरगी तर वाचली. तू माझ्या पदराला धरून उभी होती. तू ऐकलं. मला दिसलं तू ऐकलं ते. हाक पोरीला होती म्हणलं की मी पोरीला जपणारी आई. हाक मला होती म्हणलं तर मी नवऱ्यानं बोलवलं तरी भाकर थापत बसलेली बाई. मला पहिली व्हायचं होतं. झाले. आधी तेराव्यापर्यंत राहू दे म्हणलं, मंग वरीसश्राद्धापर्यंत, मंग तू पुण्याला गेली, मंग कुठं कुठं गेली. सांगायला तू सापडती कुठं? वरसात दोन दिवस येती, त्यातबी कानाला ते लावून बसती.

आन तू त्याचं हे एवढं मोठं उभं केलं. स्टेजवर उभी राहून, डोळे मिटून, लोकांपुढं. मी व्हिडिओत बघितलंय, बाया डोळे पुसायल्या. माझ्या खोट्यावर रडायल्या. मला वाटलं, राहू दे, पोरीचं पोट त्याच्यावर चाललंय. हेबी खोटंच. मला भ्या वाटत होतं.

आता दिवाळीचं. भाऊबीजेची संध्याकाळ. मी अंगणात बाजरी पाखडत होते. तू गोठ्याच्या मागं गेली. मला वाटलं मोबाईलला रेंज बघायली. आन हाक आली. हुबेहूब. कुठून शिकली तू ती? सुट्टीपुरतीच तर ऐकली होती.

तू लिहिलं, आई माझ्या जागी ओ देते. मी तुझ्या जागी दिली नाय. मी माझ्या जागी दिली. पहिल्याच हाकेला दिली, दिवेलागणीला. कसला नेम आन कसलं काय, मला काय सुचलं नाय. मी उठले, सूप कुठं पडलं बघितलं नाय, मी पळाले. ह्या वयात. गोठ्यामागं गेले तर तू. हातात ती उंदराएवढी मशीन. तुझ्या डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं, पोरीला कळलं. आता ती काय बोलंल आन मी काय बोलू, म्हणून मी थांबले.

तू म्हणली, "आई, परत एकदा म्हण ना. वाऱ्याचा आवाज आला."

त्यानंतर तुझ्याशी बोलावं असं मला वाटलं नाय. अजून नाय वाटत. पण हाक तुला नव्हती, म्हणजे ओ दिली नाय हा दोष तुझा नाय. तो माझा हाय, मी माझ्याकडं ठेवते. त्याच्यावर तू काय गात असशील तर थांब. शब्द येत नाय म्हणती ना, तो शब्दच तुझा नव्हता, अडकला कशापायी ते बघ. का आता नवंच काहीतरी अडकलं, ते मला ठाव नाय. तुला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाय. खोटं अंगावर घेऊन पोरगी म्हातारी व्हायली, ते बघवंना म्हणून लिहिते. आन दगडाबाई रोज येऊन बसायली.

कागदावर सही केली हाय. दोन्ही प्रतींवर, चष्मा लावून, दिवसाच्या उजेडात. पण प्रांजलीकडून त्याच्यावर एक ओळ इंग्रजीत लिहून घेतली. ती वाच. यादीत शेवटच्या गाण्यापुढं ‘सोनिया आणि आई’ असं छापलंय. तिथलं तुझं नाव खोड. त्या हाकेत तू नव्हतीस. तिथं लिहायचं: हाक सांडूची, ओ आवडाबाईची. तुझ्या बापाचं नाव मी आज पहिल्यांदा घेतलं, तेबी कागदावर.

तुझं ते चार मिनिटांचं गाणं पुढं ठेवायचं असंल तर ठेव, पण त्याला वेगळा नंबर दे, एकटीच्या गाण्यात घाल. आन पुस्तकातला तो मजकूर काढ.

हे जमत असंल तर सही तुझी. जमत नसंल तर पंधरा तारखेच्या आत माझी ओ कापून टाक. पुन्हा म्हणून घ्यायला येऊ नको. ती मी दिली ज्याला द्यायची त्याला.

आई